टॉवेल कुणी टाकायचा?

मागे आवाज येतोय ना? बरं.

आज मी कान्टवर बोलणार नाही हे ऐकून काही चेहऱ्यांवर सुटकेचा भाव दिसतोय मला. (हशा) आज एका माहितीपटावर बोलायचंय आणि तो आहे बॉक्सिंगवर. मी आयुष्यात कुणाला ठोसा मारलेला नाही आणि खाल्लेलाही नाही. त्यामुळे खेळातल्या तंत्राबद्दल मी काही बोलून गेलो तर ते मनावर घेऊ नका. पण या माहितीपटातला प्रश्न माझ्या विषयातला आहे. वय झालेल्या विजेत्याने थांबावं की लढत राहावं, हा तो प्रश्न. आपण तो चहा पिता पिता सोडवून टाकतो. मला वाटतं, आपण तो चुकीच्या माणसाला विचारत आलोय.

माहितीपटाचं नाव 'मुहम्मद अँड लॅरी'. प्रदर्शित झाला २००९ साली, पण त्याचा गाभा १९८० मध्ये चित्रित झालेला आहे. अल्बर्ट आणि डेव्हिड मेझल्स हे दोघे भाऊ, माहितीपटांच्या जगातली मोठी नावं. 'गिमी शेल्टर' आणि 'ग्रे गार्डन्स' त्यांचेच. ते कॅमेरा घेऊन पेनसिल्व्हेनियात गेले. तिथे डिअर लेक नावाच्या जागी मुहम्मद अलीचा सराव चालला होता, आणि त्याच राज्यात ईस्टन गावी लॅरी होम्सचा. दोघांची लढत ठरली होती २ ऑक्टोबर १९८०, लास व्हेगास, सीझर्स पॅलेसच्या आवारात. अली ३८ वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी, सप्टेंबर १९७८ मध्ये, लिऑन स्पिंक्सला हरवून त्याने तिसऱ्यांदा हेवीवेटचं जगज्जेतेपद मिळवलं होतं. मग निवृत्तीही जाहीर केली होती. होम्स तिशीतला, तोवर एकही लढत न हरलेला, आणि एके काळी अलीचा सरावातला जोडीदार. अलीच्या ठोशाने आपला डोळा काळानिळा झाला तेव्हा त्यावर बर्फ लावू दिला नाही, कारण ती खूण मिरवायची होती, असं होम्सने पुढे सांगितलेलं आहे. म्हणजे शिष्यच म्हणा ना.

लढतीत काय झालं ते दोन वाक्यांत सांगतो, कारण तिच्यात पाहण्यासारखं काही नाही. दहा फेऱ्या झाल्या आणि तिन्ही परीक्षकांनी दहाच्या दहा होम्सला दिल्या. दहावीनंतर अलीचा प्रशिक्षक अँजेलो डंडी याने लढत थांबवली. अलीच्या साऱ्या कारकिर्दीत, तो पुढे खेळू शकत नाही म्हणून लढत थांबवावी लागली, असं फक्त त्या दिवशी झालं.

खरा माहितीपट आहे तो आधीच्या आठवड्यांचा. अली मुलांशी खेळतोय, जादूचे प्रयोग करून दाखवतोय, मिशा ठेवल्यात, चेष्टा चाललीय. आणि दिसतो कसा, तर अक्षरशः राजबिंडा! वजन उतरवलेलं, पोट आत, केस काळेभोर. लढतीआधी त्याचं वजन भरलं २१७.५ पौंड. १९७४ साली किन्शासात त्याने जॉर्ज फोरमनला हरवलं तेव्हा होतं २१६.५. सहा वर्षांत एका पौंडाचा फरक! तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही आभास आणि सत्य हा भेद शिकवायला दोरी आणि साप घेतो. यापुढे हे दोन आकडे घेतले तरी चालतील. कारण ते शरीर निम्मं औषधाने घडवलेलं होतं. थायरॉइडच्या गोळ्या तो घेत होता, आणि सांगितल्यापेक्षा जास्त घेत होता. वजन उतरलं, त्याबरोबर ताकदही उतरली. बाहेरून दिसत होता १९७४चा अली, आणि सगळ्यांना पाहायचा होता तोच.

आता आपल्याकडे हा विषय निघाला की विजय मर्चंट यांच्या नावावर सांगितलं जाणारं एक वचन हमखास येतं. लोक 'का थांबताय?' असं विचारत असतानाच थांबावं, 'का नाही थांबत?' असं विचारेपर्यंत वाट पाहू नये. मर्चंट स्वतः तसेच थांबले. १९५१ साली दिल्लीत, शेवटच्या कसोटीत, १५४ धावा. गावसकरांनी १९८७ मध्ये बंगळुरूला शेवटच्या कसोटी डावात ९६ केल्या. ती खेळी आठवली की माझ्या अंगावर अजून काटा येतो. वचन छान आहे. पण ते क्रिकेटचं आहे, आणि खरं तर ते सभ्यतेचं वचन आहे. क्रिकेटमध्ये माणूस दोन वर्षं जास्त खेळला तर काय जातं? सरासरी जाते, थोडी अब्रू जाते, एखाद्या तरुणाची जागा अडते. बॉक्सिंगमध्ये जातो तो मेंदू.

आणि त्या वचनात अजून एक गोम आहे. ते न्यायाधीशाची खुर्ची लोकांना देतं. लोक काय विचारतायत त्यावर थांबायचं. अलीच्या बाबतीत लोक काय म्हणत होते? अजून एकदा! ८० लाख डॉलरचा करार फुकट होत नाही मंडळी. जिथे लोकांचं प्रेम हाच धंदा असतो, तिथे 'का नाही थांबत?' हा प्रश्न तिकीट काढणारा माणूस विचारत नाही. तो प्रश्न नंतर विचारला जातो.

बरं, मग दुसरी बाजू येते, आणि ती माझ्या विद्यार्थ्यांना फार आवडायची. त्याचं शरीर, त्याचा निर्णय. इथे जॉन स्टुअर्ट मिलला साक्षीला बोलावतात. १८५९ सालचं 'ऑन लिबर्टी'. माणूस स्वतःचं नुकसान करून घेत असेल तर समजवा, विनवणी करा, पण जबरदस्ती करू नका. मी स्वतः वर्षानुवर्षं हे असंच शिकवलं आणि एक तपशील घाईत ओलांडून गेलो. मिलने मोडक्या पुलाचं उदाहरण घेतलंय. एक माणूस पुलावर चाललाय, पूल धोक्याचा आहे हे त्याला माहीत नाही आणि सांगायला वेळ नाही, तर त्याला धरून मागे ओढा. त्याच्या स्वातंत्र्याला काही धक्का लागत नाही, कारण त्याला नदीत पडायचं नव्हतंच. आणि धोका माहीत असेल, तर इशारा द्या आणि बाजूला व्हा. इथवर सगळ्यांना पाठ असतं. पण तिथेच मिलने एक अपवाद ठेवलाय. तो माणूस लहान मूल असेल, भ्रमात असेल, किंवा विचार करण्याची त्याची शक्ती त्या घडीला पूर्ण ठिकाणावर नसेल, तर ही गोष्ट वेगळी.

आता बॉक्सर कुठे बसतो ते बघा. इतर धोक्याच्या कामांत शरीर जातं आणि निर्णय घेणारा शाबूत राहतो. गिर्यारोहकाची बोटं हिमदंशाने गेली तरी 'पुन्हा जाऊ का?' हे ठरवणारा तोच असतो. बॉक्सिंगमध्ये ठोसा नेमका त्यावरच बसतो, ज्याने 'पुरे' म्हणायचंय. पूल मोडका आहे आणि दर पावलाला बघणाऱ्याची नजर थोडी अधू होत चाललीय, असं हे प्रकरण आहे.

त्यात आणखी एक भर. १९६४ साली, बावीस वर्षांचा असताना, त्याने सनी लिस्टनला हरवलं. तेव्हा जाणकार म्हणत होते, हा पोरगा मार खाणार. १९७४ साली म्हणत होते, फोरमन याला मारून टाकेल. दोन्ही वेळा त्याने सगळ्या शहाण्यांना खोटं ठरवलं. 'तुला जमणार नाही' हे ऐकून न ऐकणं हीच त्याची सारी कमाई होती. ३८ व्या वर्षी तेच शहाणे तेच वाक्य घेऊन आले, तर त्याने ते यावेळी का ऐकावं? ऐकणारा असता तर १९६४ मध्येच घरी बसला असता. म्हणून मी म्हणतो की 'तू थांबावंस की नाही?' हा प्रश्न विजेत्याला विचारणं हीच एक पळवाट आहे. उत्तर काय येणार हे विचारणाऱ्याला ठाऊक असतं.

मग कुणाला विचारायचा? तर कोपऱ्याला. रिंगच्या कोपऱ्यात बॉक्सरची माणसं असतात. प्रशिक्षक, जखमा सांभाळणारा, पाणी देणारा. आपल्या तालमीत वस्ताद असतो ना, तसं काहीसं. त्यांच्याजवळ टॉवेल असतो. तो रिंगमध्ये टाकला की आमचा माणूस हरला, थांबवा, असा अर्थ.

इथे मला माहितीपटाबाहेर जावं लागेल. मनिला, १ ऑक्टोबर १९७५. अली आणि जो फ्रेझर यांची तिसरी लढत, उन्हाळा भयंकर, चौदा फेऱ्या झालेल्या. फ्रेझरचे डोळे सुजून जवळजवळ मिटलेत. शेवटची फेरी उरलीय, फक्त तीन मिनिटं, आणि पणाला लागलंय जगज्जेतेपद. फ्रेझर उठायला बघतोय, मला जाऊ दे म्हणतोय. त्याचा प्रशिक्षक एडी फच त्याला बसवतो आणि लढत सोडून देतो. फ्रेझरच्या इच्छेविरुद्ध, बरं का. मिलच्या कुठल्याही पुस्तकी वाचनात ही जबरदस्तीच आहे. मला मात्र त्या दोघांच्या नात्यातला हा सगळ्यात खरा क्षण वाटतो. फ्रेझरने फचला प्रशिक्षक नेमलं तेव्हाच, शुद्धीवर असताना, हा अधिकार त्याच्या हाती दिला होता. फचने तो वापरला.

पाच वर्षं आणि एक दिवसानंतरचा सीझर्स पॅलेस आठवा. तिथे डंडीला थांबवायचंय आणि अलीचा जुना साथीदार बंडिनी ब्राउन त्याला धरून विनवतोय, अजून एक फेरी, फक्त एक! बंडिनीचं अलीवर प्रेम नव्हतं असं म्हणण्याची माझी हिंमत नाही. फार होतं. आणि समोर उभा होम्स मारता मारता रेफरीकडे बघून खुणावतोय, थांबवा हे. म्हणजे प्रतिस्पर्ध्याला कळलं होतं! लढतीनंतर होम्स रडला. अलीच्या खोलीवर जाऊन त्याला भेटून आला.

आता माहितीपटावरची माझी तक्रार. १९८० मधली दृश्यं अप्रतिम आहेत, कारण ती काहीच सांगत नाहीत. कॅमेरा नुसता बघतो. पण २००९ मध्ये त्यात नव्या मुलाखती गुंफल्यात आणि तिथे प्रत्येक जण एकच गोष्ट सांगतो: आम्हाला माहीत होतं. डॉक्टर फर्डी पचेको तर म्हणतात की या लढतीत ज्यांचा ज्यांचा हात होता त्या सगळ्यांना अटक व्हायला हवी होती. ऐकायला जबरदस्त वाटतं. पण प्रेक्षक म्हणून माझ्या मनात लगेच येतं, सगळ्यांनाच माहीत होतं तर मग रिंगमध्ये तो पोचला कसा? हा प्रश्न दिग्दर्शक कुणालाच विचारत नाही. तो पुन्हा अलीच्या चेहऱ्यावर जातो, मागे हळवा सूर, आणि आपण समजून जातो की ही एका महान माणसाच्या हट्टाची शोकांतिका आहे. शोकांतिका म्हटलं की दोष नायकाच्या स्वभावात जातो आणि बाकीचे सुटतात. ग्रीक लोकांनी आपली ही मोठीच सोय करून ठेवलीय.

पचेकोंविषयी न्यायाने बोलायचं तर त्यांनी नुसती बडबड केली नव्हती. सप्टेंबर १९७७ मध्ये अर्नी शेव्हर्सबरोबर पंधरा फेऱ्या झाल्या, त्यानंतर अलीच्या मूत्रपिंडांचा अहवाल वाईट आला. पचेकोंनी तो अलीला आणि त्याच्या जवळच्या माणसांना पाठवला. कुणाचंच उत्तर आलं नाही. तेव्हा ते कोपरा सोडून गेले. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लढती ठरवणाऱ्या टेडी ब्रेनरनेही त्याच सुमारास जाहीर केलं की आम्ही अलीला इथे पुन्हा लढत देणार नाही. दोघांचंही कौतुकच आहे. पण परिणाम काय झाला? शहाणा माणूस उठून गेला की कोपऱ्यात कोण उरतं, तर न उठणारे. आणि गार्डनने दार लावलं तर नेवाडाने उघडलं. १९८० मध्ये परवान्यासाठी अलीची मेयो क्लिनिकमध्ये तपासणी झाली. एका पायावर उड्या मारताना आणि बोटाने नाकाला हात लावताना किंचित गडबड दिसली, असं अहवालात होतं. पण लढायला मनाई करावी असं काही त्यात सापडलं नाही. परवाना मिळाला. पुढच्या वर्षी, होम्सचा मार खाल्ल्यानंतरही, ११ डिसेंबर १९८१ ला तो बहामामध्ये नासाऊ इथे ट्रेव्हर बर्बिकशी लढला आणि हरला. ती शेवटची. १९८४ मध्ये पार्किन्सनचं निदान झालं. त्याचं कारण ठोसेच होते का, किती होते, यावर डॉक्टरांनी बोलावं. मी एवढंच म्हणेन की ते प्रत्येकाच्या मनात येऊन गेलं.

मला राहून राहून ययाती आठवतो. तुम्ही खांडेकरांची कादंबरी वाचली असेल, निदान आईच्या कपाटात पाहिली असेल. म्हातारपण नको म्हणून ययाती मुलाचं तारुण्य मागतो आणि पुरू ते देतो. ती कथा वाचताना आपल्याला ययातीचा राग येतो, कारण दुसऱ्याचं आयुष्य तो वापरतोय. डेरेक पारफिट नावाचा इंग्रज तत्त्वज्ञ होऊन गेला, 'रीझन्स अँड पर्सन्स' हे त्याचं पुस्तक १९८४चंच. तो म्हणतो, तीस वर्षांनंतरचा मी आणि आजचा मी यांच्यातला धागा कधी कधी इतका विरळ असतो की त्या म्हाताऱ्या मीचं नुकसान करणं हे परक्याचं नुकसान करण्यासारखंच धरावं. मग 'स्वतःचं नुकसान' हा बचाव उरत नाही. अलीचा पुरू होता साठ वर्षांचा अली. तो १९८० मध्ये त्या खोलीत नव्हता, त्याची सही करारावर नव्हती, आणि त्याच्या बाजूने बोलायला कोपऱ्यात कुणी नव्हतं.

आता थोडं माझ्याबद्दल, कारण न सांगता पुढे गेलो तर ती लबाडी होईल. साठीला निवृत्त झालो आणि तरी एका महाविद्यालयात आठवड्याला दोन तास घेत राहिलो. बारा वर्षं. मुलं शांत असायची. मला वाटायचं, विषय पोचतोय. मग एकदा माझी एक जुनी विद्यार्थिनी, आता स्वतः प्राध्यापक, घरी आली. चहा झाला, निघताना चप्पल घालता घालता म्हणाली, "सर, रागावणार नसाल तर सांगते. मुलांकडे तुमच्या एकाच व्याख्यानाच्या तीन वह्या आहेत. वेगवेगळ्या महिन्यांतल्या." मला त्यातलं काही आठवत नव्हतं. म्हणजे तेच तर. मुलं शांत होती कारण ती चांगल्या घरची होती. सहकाऱ्यांना ठाऊक होतं, शिपायालाही असेल. सगळे माझ्यावर प्रेम करणारे! मी रागावलो, दोन दिवस तिचा फोन घेतला नाही, आणि मग तास सोडले. माझा मेंदू कुणी ठोशांनी हलवला नव्हता, तरी मला कळलं नव्हतं. आज ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिला मी अधिकार दिलाय, हात वर केला की मी थांबायचं, मग वाक्य अर्धं का असेना. (टाळ्या) टाळ्या नकोत, अजून तिने हात वर केलेला नाही.

प्रश्न आलेत चिठ्ठ्यांवर, त्यातला एक घेतो. 'सर, मग फोरमनचं काय?' बरोबर आहे, हा प्रश्न यायलाच हवा. जॉर्ज फोरमनने दहा वर्षं बॉक्सिंग सोडलं, १९८७ मध्ये परत आला, आणि ५ नोव्हेंबर १९९४ ला, ४५ व्या वर्षी, मायकेल मूररला दहाव्या फेरीत पाडून पुन्हा जगज्जेता झाला. वयाच्या मुद्द्यावर ती लढत अडवली जात होती, तेव्हा तो कोर्टात गेला आणि जिंकला. शहाण्या म्हाताऱ्यांची समिती असती, त्यात मी असतो, तर मी नक्की नाही म्हटलं असतं. आणि चुकलो असतो. म्हणून मी वयाच्या अटीच्या बाजूने नाही. हौशी बॉक्सिंगमध्ये चाळिशीची मर्यादा आहे, आपल्या मेरी कोमची भूक शिल्लक असताना ती तिच्या आड आली. नियम करणाऱ्यांना वय मोजणं सोपं जातं, जन्मदाखला बघितला की झालं. मोजायला हवेत ते ठोसे. फोरमन त्या दहा वर्षांत ते खात नव्हता. अली तर सरावातसुद्धा जोडीदारांना स्वतःला मारू द्यायचा, सहनशक्ती वाढावी म्हणून. ते ठोसे कुठल्याच नोंदीत नाहीत. ते माहीत असतात कोपऱ्याला.

आणि फोरमनपेक्षा मला जास्त अडचणीत टाकतो तो होम्स. माहितीपटात त्याचे अश्रू बघून आपण म्हणतो, याला कळलंय. पण तो स्वतः कधी थांबला? १९८८ मध्ये माइक टायसनने त्याला चौथ्या फेरीत पाडलं. तरीही तो परत आला. शेवटची लढत खेळला जुलै २००२ मध्ये, ५२ व्या वर्षी, बटरबीन नावाच्या एका अगडबंब गड्याशी, आणि जिंकला. माहितीपटात २००९ मधला होम्स दिसतो तो नीट, ठणठणीत बोलणारा, आपल्या गावात स्थिरावलेला. ज्याने अलीसाठी 'थांबवा' म्हटलं, त्याने स्वतःसाठी ते बावीस वर्षं म्हटलं नाही. त्याच्या कोपऱ्यात कोण होतं, कुणी त्याला काही सांगितलं होतं का, हे मला त्या माहितीपटातून जाणून घ्यायचं होतं. कॅमेरा तेव्हा अलीकडे वळलेला होता.

दुसरी चिठ्ठी कान्टवर आहे. ती पुढच्या वेळी घेऊ, तिसऱ्या रांगेत हात वर झालाय.